जर्सी सिटीचा विधुर

माझ्या मुलीच्या बारशाला आईला कोणी काही बोललं नाही, आणि तेच मला जास्त लागलं. कोणी टोचून बोललं असतं तर मीही चार शब्द सुनावले असते आणि बाळंतिणीचं डोकं तापलंय म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. पण आमच्या न्यू जर्सीतल्या बायका भलत्या गोड. पाळण्याला हळदकुंकू लावायची वेळ आली तेव्हा मामी आईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "वन्सं, तुम्ही बसा हं शांत. खूप दमलात. आम्ही करतो सगळं." माझे बाबा जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' करायला मामींनी पाच सवाष्णी उभ्या केल्या. त्यातल्या एकीला मी पहिल्यांदाच पाहत होते, दुसरी एका बँकेत व्हाइस प्रेसिडेंट होती. ठाण्याहून बॅगभर डिंकाचे लाडू घेऊन आलेली, रोज माझ्या लेकीला न्हाऊ घालणारी माझी आई सोफ्याच्या टोकाला बसून राहिली.

हे २००५ सालातलं. बारसं डॉक्टर मामांच्या घरी होतं, कारण आमच्या दोन खोल्यांच्या अपार्टमेंटमध्ये पाळणा टांगायला कडीसुद्धा नव्हती आणि मामांचं बेसमेंट लग्नाच्या हॉलएवढं होतं. मामांचं नातं एकदाच सांगून टाकते. रत्नागिरीकडच्या एका खेड्यात दोन भाऊ होते, थोरला आणि धाकटा. दोघेही बोटीवर आगवाले, म्हणजे बॉयलरमध्ये कोळसा टाकणारे. थोरल्याचा नातू म्हणजे डॉक्टर मामा. धाकट्याची नात म्हणजे माझी आई. थोरला परत आला, त्याने कौलारू घर बांधलं, मुलाला शिकवलं, मुलाने नातवाला शिकवलं आणि नातू हृदयाचा डॉक्टर होऊन तीसेक वर्षांपूर्वी अमेरिकेत आला. धाकटा परत आलाच नाही. तो बोटीवर बॉयलरपाशी मेला आणि त्याला समुद्रात सोडला, असं थोरल्याने येऊन सांगितलं. आमच्या घराण्याचा इतिहास एवढाच, आणि तो मामांच्या तोंडून ऐकायचा झाला तर त्यात धाकटा यायचाही नाही.

मामांच्या फायरप्लेसवर त्यांच्या आजोबांचा, म्हणजे थोरल्याचा, फोटो होता. कोट, टाय, गुडघ्यावर हॅट. आईला बसा म्हटलं होतं म्हणून ती बसली आणि बसल्याबसल्या तिने तो फोटो हातात घेतला. मास्तरणीला कधी रिकामं बसवू नये, ती दिसेल ते वाचते. चष्मा वर-खाली करून तिने फोटोच्या पुठ्ठ्यावरचा दाबून उठवलेला शिक्का वाचला आणि पाळण्याचं गाणं चालू असताना मोठ्याने म्हणाली, "दादा, हा फोटो तर इथलाच आहे. जर्सी सिटी लिहिलंय."

गाणं थांबलं. मामांनी फोटो हिसकावूनच घेतला. "ओ माय गॉड. आजोबा हिअर? घरी तर ऑलवेज आफ्रिका सांगायचे." इतकी वर्षं फोटो त्यांच्याच घरात होता, पण कडेला काय लिहिलंय ते पाहायची गरज त्यांना पडली नव्हती. मग टाळ्या, मग शॅम्पेन उघडू का अशी चर्चा, मग बारसं राहिलंय ही आठवण. जाताना मामा मला म्हणाले, "तू आयटीतली. लीव्हवर आहेसच. जरा सर्च कर ना, सेन्सस वगैरे ऑनलाइन असतं हल्ली. मराठी मंडळाच्या स्मरणिकेत टाकू या."

गाडीत आई मागच्या सीटवर बाळाशेजारी बसली होती. टर्नपाइकच्या हायवेला लागल्यावर म्हणाली, "शोध. पण थोरला नको मला. धाकटा शोध. तो कधी मेला, तेवढंच मला कळू दे."

तिला ते का कळायला हवं होतं, ते मला अर्धंमुर्धं माहीत होतं. उरलेलं तिने त्या आठवड्यात लेकीच्या दुपट्यांच्या घड्या घालताघालता सांगितलं.

आईची आई लवकर गेली. आईला वाढवलं तिच्या आजीने, धाकट्याच्या बायकोने. थोरला परत येऊन म्हणाला, तो मेला, तेव्हा ही आजी विशी-बाविशीची होती, पदरात एक मुलगा. तिने सगळ्यांसमोर थोरल्याला विचारलं, "त्याची एक वस्तू दाखवा." थोरल्याकडे काही नव्हतं. "मग मी नाही मानत," असं म्हणून ती उठून गेली. गावात गहजब झाला. बायकांनी हळदीकुंकवाचं बोलावणं तोडलं, पुरुषांनी अक्कल काढली, तिच्या कपाळाकडे बघून पोरं काहीबाही बोलायची. ती रोज उठून कुंकू लावायची आणि रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायची. शेवटी भटजींनी तोड काढली. बेपत्ता माणसाची बारा वर्षं वाट पाहायची, मग पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, असं शास्त्र आहे. तेव्हा बारा वर्षं थांबा. बारा वर्षं ती थांबली. मग पळसाच्या पानांचा माणूस केला, डोक्याच्या जागी नारळ ठेवला, पोरगेल्या मुलाच्या, म्हणजे आईच्या वडिलांच्या, हातून तो पेटवला आणि बायकांनी आजीला धरून तिच्या बांगड्या फोडल्या. जमिनीतला आणि घरातला धाकट्याचा वाटाही त्याच पुतळ्याबरोबर जळाला. विधवेला वाटा कसला, आणि पोराच्या वतीने भांडणार कोण! थोरल्याने मागच्या पडवीत राहू दिलं, हेच उपकार.

"माझ्या लग्नात," आई म्हणाली, "हळदीच्या दिवशी ती पडवीत तांदूळ निवडत बसली होती. मी हाक मारली तर हातानेच नको म्हणाली. मला पहिली हळद कोणी लावली माहितेय? थोरल्याच्या बायकोने. आणि थोरला मांडवात खुर्ची टाकून बसला होता."

आईला एकच हिशेब लावायचा होता. धाकटा नक्की कधी मेला? आजी विधवा होती की नव्हती? माझ्या पिढीला हा प्रश्न हास्यास्पद वाटेल. मलाही वाटायचा. पण मामींनी खांद्यावर ठेवलेला हात मी पाहिला होता, त्यामुळे मी हसले नाही.

माझं काम सॉफ्टवेअर टेस्टिंगचं. दुसऱ्याच्या चुका शोधायचा मला पगार मिळतो. त्यामुळे मला वाटलं, हे काय, दोन दिवसांचं काम. न्यू जर्सीतल्या आमच्या टाउनच्या लायब्ररीत जुन्या जनगणनेचे कागद कॉम्प्युटरवर फुकट पाहता यायचे. सन तीसची, म्हणजे १९३०ची, जनगणना त्याआधी तीनच वर्षं लोकांना खुली झाली होती. इथे बहात्तर वर्षं कुलूप लावून ठेवतात, तोवर खरं-खोटं सांगणारे बहुतेक मेलेले असतात. मी रोज स्ट्रोलर ढकलत जायचे, शेजारी आई दुधाच्या बाटल्यांची पिशवी घेऊन. आमचं आडनाव मी जमेल त्या सगळ्या प्रकारांनी टाइप करून पाहिलं. काहीच मिळेना. पंधरवडा गेला. मी चिडून आईला म्हणाले, "तुझे आजोबा इथे आलेच नसतील."

"तू आडनाव शोधत्येस?" आईने मला असं विचारलं, जसं वर्गात शेवटच्या बाकावरच्या पोराला विचारत असेल. "त्यांना आडनाव कुठलं? आडनाव आमच्यात शाळेत घातल्यावर लागलं, माझ्या बाबांना. हे दोघं कधी शाळेत गेले? स्वतःचं नाव, पुढे बापाचं नाव. संपलं."

बापाचं नाव घातलं आणि पान समोर आलं. सन वीस, जर्सी सिटी, धक्क्याजवळची एक गल्ली. खानावळवजा घरात दहाबारा परदेशी माणसं, सगळ्यांपुढे 'भाडेकरू'. त्यात एकाखाली एक दोन भाऊ. वंशाच्या रकान्यात 'हिंदू' लिहिलेलं. त्याच घरातल्या बंगाली मुसलमान खलाशांपुढेही 'हिंदू'च. अमेरिकेला त्या वेळी आम्ही सगळे एकच होतो. धंदा, आगवाला, आगबोट. वाचता येतं का? नाही. नागरिक आहे का? नाही. विवाहित? दोघांपुढेही इंग्रजी 'एम'. विवाहित.

आईने स्क्रीनवर बोट ठेवलं. लायब्ररीतली बाई म्हणाली, प्लीज स्क्रीनला हात लावू नका. आईने बोट उचललं नाही. मी त्या बाईकडे पाहून खोटं हसले.

हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे, तशी मी त्याच संध्याकाळी ते पान छापून मामांकडे घेऊन गेले. मामांच्या डोळ्यांत पाणी आलं. खरंच आलं, खोटं का सांगू. त्यांनी कागद कपाळाला लावला. "इमॅजिन," ते म्हणाले, "आय वॉज नॉट द फर्स्ट. आजोबा वॉज द फर्स्ट." मुलाला फोन लावला, मुलीला फोन लावला. मुलं स्पीकरवर म्हणाली, "दॅट्स सो कूल, डॅड." मामींनी मला साडी दिली. आईला नाही दिली, आईला डबा भरून दिला.

"सन तीसचं पण बघ," निघताना मामा म्हणाले. "आजोबा तेव्हा परत गेले असणार. बट जस्ट टू कम्प्लीट."

सन तीसच्या पानावर थोरला नव्हता. धाकटा होता.

बोटीवर मेलेला, समुद्रात सोडलेला धाकटा जर्सी सिटीत एका साबणाच्या कारखान्यात मजूर होता. मागच्या जागेपासून चारदोन गल्ल्या पलीकडे एका खोलीत राहत होता. आता तिथे काचेचे टॉवर आहेत आणि त्यातल्या एकात माझा नवरा रोज कामाला जातो. मी आईचा हात दाबला. म्हटलं, "आई, मेला नव्हता गं! आजी बरोबर होती!" मला मोठ्याने ओरडावंसं वाटत होतं. पण आई माझ्याकडे बघत नव्हती. ती ओळीवर पुढे पुढे जात होती, तिच्या सवयीने, एकेक रकाना वाचत.

"हे काय लिहिलंय?" तिने विचारलं.

विवाहाच्या रकान्यात 'एम' नव्हता. 'डब्ल्यू' आणि 'डी' होता. मी वर मथळा पाहिला, सूचना पाहिल्या, पुन्हा पाहिलं. त्याचा अर्थ एकच होत होता. विधुर.

मी सांगितल्यावर आईने चष्मा काढून पिशवीत ठेवला. ती उठून बाळाचं लंगोट बदलायला गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी खिडकीतून पाहिलं तर बाहेर बाकावर बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. मी गेले तेव्हा ती म्हणाली, "तीस साली आजीच्या कपाळाला कुंकू होतं. बारा वर्षं संपली नव्हती. ती सगळ्या गावाशी भांडत होती, हा जिवंत आहे म्हणून. आणि हा इथे सांगत होता, माझी बायको मेली."

"पण त्याला असं कोण सांगणार?" मी म्हटलं, आणि म्हणतानाच मला उत्तर कळलं. गाव आणि जर्सी सिटी, दोन्हीकडे ओळख असलेला माणूस एकच होता, थोरला. त्याने गावात येऊन सांगितलं तो मेला, आणि जर्सी सिटीला कोणाकरवी तरी निरोप धाडला की ती मेली, बहुतेक पोरही मेलं. धाकटा बिनकागदाचा, बोटीवरून उतरून राहिलेला. परत जायचं तर काहीतरी ओढ हवी. ती ओढच तोडून टाकली की माणूस आपला आपण राहतो. मेलेल्याचा वाटा मागायला कोणी येत नाही.

हे असंच घडलं याचा कागद माझ्याकडे नाही. पण मी रोज अशीच चूक शोधते. दोन टोकांना दोन वेगळी उत्तरं येत असली तर मधल्या माणसाने गडबड केलेली असते.

मामांना सांगायला मी आईला नेणार नव्हते. तीच आली. मामांनी सन तीसचा कागद लांब धरून वाचला, मग जवळ धरून वाचला. "हे बघ," ते म्हणाले, "सेन्ससवाला दारात उभा राहून कोणालाही विचारायचा. घरमालकीण काहीही सांगत असेल. क्लेरिकल एरर."

"दादा, सन वीसचा कागद तुम्ही कपाळाला लावलात," आई म्हणाली. "तेव्हा नाही वाटली चूक?"

"अगं, आय ॲम नॉट सेइंग दॅट. पण या वयात हे उकरून काय निष्पन्न होणार? एकटा पुरुष होता, इथे कोणी भेटली असेल, म्हणून सांगितलं असेल, बायको नाही. मेन डू दॅट. तुझ्या आजोबांना मी दोष नाही देत."

म्हणजे आमच्याच माणसाला दोष न देण्याचं औदार्य दाखवून हे मोकळे. मी काही बोलणार तेवढ्यात मामी चहा घेऊन आल्या आणि मामांनी कागद उलटा करून ठेवला. "झाकली मूठ सव्वा लाखाची," ते मला हळूच म्हणाले. "मुलांच्या कानावर हे घालू नकोस. दे आर सो प्राउड." मामांची मुलं चाळिशीला आली होती.

मी ट्रेंटनला राज्याच्या दफ्तराला अर्ज पाठवला. मृत्यूचा दाखला यायला उन्हाळा गेला. तो आला तेव्हा आई पोळ्या करत होती. तिने गॅस बंद केला, हात धुतले, पुसले आणि मग म्हणाली, "वाच."

धाकट्याचं नाव, बापाचं नाव. जन्म, हिंदुस्थान. फुप्फुसांचा रोग. माहिती देणारा, त्याच घरातला एक मित्र, नावावरून बंगाली. वैवाहिक स्थिती, विधुर. बायकोचं नाव... आणि तिथे आजीचं नाव होतं. मामा म्हणतात ती घरमालकीण काहीही सांगत असेल, पण एका बंगाली खलाशाला रत्नागिरीकडच्या खडी फोडणाऱ्या बाईचं नाव कुठून कळणार? धाकट्याने घेतलं असेल तेव्हाच ना? दुसरी कोणी भेटलेल्या माणसाने पंचवीस-तीस वर्षं हे नाव जपलं असतं? हातच्या काकणाला आरसा कशाला.

"कधी मेला?" आईने विचारलं.

मी साल सांगितलं. आईने बोटांवर वर्षं मोजली. "मी चौथीत होते," ती म्हणाली. "आजी मला रोज शाळेत सोडायची." मग आणखी मोजून, "म्हणजे माझ्या लग्नाच्या आधी मेला."

ती मनात मांडे खात होती, ते मला तेव्हा कळलं. तिला वाटत होतं तो आजीच्याही मागे राहिला असेल. मग आजी अहेव, म्हणजे सवाष्ण, गेली असं ठरलं असतं, हळदीच्या दिवशी तिला पडवीत बसवणं तरी खोटं ठरलं असतं. तसं झालं नाही. गावाने तिला तो जिवंत असतानाच विधवा केली, तो मरायच्या एकवीस-बावीस वर्षं आधी, आणि लग्नात तिला मागे बसवलं तेव्हा गाव नियमाने बरोबर होतं. नेमक्या त्याच वेळी बरोबर. अशा वेळी देवाला शिव्या द्याव्यात तर मी देव मानत नाही, आणि आई मानते म्हणून ती देत नाही.

गणपती आले. मंडळाची स्मरणिका छापून आली, गुळगुळीत कागद, मागच्या पानावर आयसेलिनच्या देशी बाजारातल्या सराफांची जाहिरात. मामांचा लेख पहिला. 'आमच्या गावचा पहिला अमेरिकन.' फोटो होता, हॅटवाला. खाली सन वीसच्या जनगणनेचं पान, मी छापून दिलेलं. थोरल्याची ओळ ठळक केलेली आणि तिच्याखाली पान कापलेलं. पुढची ओळ धाकट्याची होती. लेखात एक वाक्य होतं, 'त्यांच्या धाकट्या बंधूंचे समुद्रातच दुःखद निधन झाले.'

मी आरतीच्या गर्दीत मामांना गाठलं. म्हटलं, "मामा, हे तुम्हाला माहीत असून लिहिलंत." ते इकडेतिकडे बघत म्हणाले, "अगं, स्मरणिका प्रेसला गेली होती ऑलरेडी." स्मरणिका प्रेसला गेली त्याच्या आधी दोन महिने त्यांनी माझ्यासमोर तो कागद उलटा करून ठेवला होता. पण तेवढ्यात कोणीतरी त्यांचा हात हातात घेतला, "काका, काय लेख लिहिलाय! इन्स्पायरिंग!" आणि ते तिकडे वळले. आईने स्मरणिकेची घडी करून तिच्यावर प्रसादाचा द्रोण ठेवला.

पितृपक्षात आईने शेवटचा प्रयत्न केला. अविधवा नवमीला अहेव गेलेल्या बायकांचं श्राद्ध करतात. तिने देवळातल्या गुरुजींना फोन लावला. सगळी हकीगत सांगितली, बारा वर्षं, पळसाचा पुतळा, जनगणना, सगळं. गुरुजी तरुण होते, एच-वन व्हिसावरच आले असावेत, मन लावून ऐकत होते. "काकू," ते म्हणाले, "आजोबा आधी गेले ना पण? मग नवमी नाही होणार. सर्वपित्रीला करा."

"पण ते जिवंत असताना तिला विधवा केली होती."

"ते समजलं हो. पण त्याला वेगळा विधी नाही आपल्यात."

"नसणारच," आई म्हणाली आणि फोन ठेवला. मग मला म्हणाली, "त्याला कुठे पुरलंय, ते लिहिलंय ना त्या दाखल्यात? मला तिथे ने. श्राद्ध नाही तर नाही. पाणी तरी देते. साता समुद्रापलीकडे एकटा मेला बिचारा, कोणी तीळ-पाणी दिलं नसेल." बाईने तर्पण करायचं नसतं, ही आठवण मी तिला करून दिली नाही. तिच्या परतीच्या तिकिटाला आठवडा राहिला होता.

दफनभूमी शहराच्या कडेला, हायवेला लागून होती. ऑफिसातल्या माणसाने नकाशावर गोल करून दिला. त्या भागात दगड नव्हते. ज्यांचं कोणी नाही त्यांना महापालिकेने पुरलेलं. गवत होतं आणि मध्ये मध्ये सिमेंटचे आकडे. आम्ही आकडा शोधला. बाळ स्ट्रोलरमध्ये झोपलं होतं. आईने पर्समधून पाण्याची बाटली काढली, काळ्या तिळांची पुडी काढली, चपला काढल्या आणि ती उभी राहिली. मी मागे सरकले. वाटलं, काही मंत्र म्हणेल, निदान डोळे मिटेल. ती त्या आकड्याकडे नुसती बघत राहिली. तिचा चेहरा बदलत गेला. शाळेत ती शिकवायला उभी राहिली की माझ्या मैत्रिणी ज्या चेहऱ्याला घाबरायच्या, तो.

"याला सांगितलं ती मेली," ती म्हणाली. आवाज शांत होता. "तिला सांगितलं हा मेला. सांगणारा एकच. तिने विचारलं, वस्तू दाखवा. याने विचारलं? हा तर बोटीवरचा माणूस. मुंबईला रोज बोटी जात होत्या. कोणा गाववाल्याला एकदा विचारता आलं नसतं, की बघून ये रे, खरंच मेली का? एकदा?"

मी म्हटलं, "आई, त्याला तरी कसं कळणार—"

"तिला कसं कळलं?" ती माझ्यावर ओरडली. बाळ दचकलं. "खडी फोडणारी अडाणी बाई. बारा वर्षं तिने कुणाचं ऐकलं नाही. आणि याने ऐकलं. लगेच ऐकलं असणार. आणि मग आयुष्यभर तिचं नाव घेत बसला, विधुर म्हणून! थोरला हरामखोर होता, ते मला कळतं. हरामखोराचं मला काही वाटत नाही. पण याने विश्वास ठेवला."

तिने तिळांची पुडी पर्समध्ये परत टाकली. चपला घातल्या. मग बाटलीचं झाकण उघडलं आणि तिथेच उभ्याउभ्या, त्या आकड्याच्या समोर, सगळं पाणी स्वतः पिऊन टाकलं.